'साक्ष देणे' : एका इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ आणि इंदापूर-भीमथडीचा इतिहास

प्रस्तावना

पुणे-सोलापूर महामार्गावर पळसदेव आणि इंदापूर यांच्या दरम्यान लोणी देवकर हे गाव आहे. या परिसराविषयी जे स्थानिक इतिहासलेखन होते, म्हणजे गावांच्या माहितीपुस्तिका, यात्रांच्या स्मरणिका, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतील लेख, त्यात एक वाक्य हमखास भेटते. अमुक मंदिर, अमुक गढी किंवा अमुक बारव 'गतवैभवाची साक्ष देत उभी आहे' असे ते वाक्य होय. ते इतके रुळले आहे की लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला त्यात काही सांगितले गेले असे वाटत नाही. इंग्रजीतील 'टू बेअर विटनेस' या वाक्प्रचाराची ही मराठी प्रतिमा आहे. निर्जीव वस्तूला साक्षीदार करण्याची ही लकब इंग्रजी गद्याच्या परिशीलनातून मराठी इतिहासलेखनात बळावली, असे मानण्यास जागा आहे. चंद्रसूर्यांना साक्षी ठेवण्याची आपली जुनी परंपरा आहे हे खरे. तथापि तेथे चंद्रसूर्य काही सांगत नाहीत, ते केवळ पाहतात. बोलण्याची जबाबदारी माणसाचीच राहते.

प्रस्तुत लेखात या वाक्प्रचाराचा अर्थ आणि उपयोग इंदापूर व जुना भीमथडी तालुका यांच्या एकोणिसाव्या शतकातील इतिहासाच्या आधारे तपासला आहे. आजच्या बारामती तालुक्यातील सुपे हे गाव त्या काळी भीमथडीत होते. हा परिसर निवडण्याचे कारण असे की, साक्ष कोणाची धरावी, माणसाची की कागदाची, हा प्रश्न येथे केवळ न्यायशास्त्राचा राहिला नाही. त्यावरून जमिनी गेल्या, घरांवर चाल झाली आणि शेवटी कायदा बदलावा लागला.

शब्दांची घडण

इंग्रजीतील 'विटनेस' हा शब्द 'जाणणे' या अर्थाच्या जुन्या धातूपासून आला आहे. मुळात त्याचा अर्थ ज्ञान असाच होता, ते ज्ञान असणारी व्यक्ती हा अर्थ मागाहून आला. 'बेअर' म्हणजे वाहणे, अंगावर घेणे. म्हणून 'टू बेअर विटनेस' म्हणजे आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा भार वाहून तो इतरांपुढे आणणे. ओझ्याची ही कल्पना इंग्रजी वाक्प्रचारात अजून जिवंत आहे. ज्याने छळ, दुष्काळ किंवा युद्ध पाहिले त्याच्याविषयी हा प्रयोग केला की, पाहिलेले सांगणे हे त्याच्यावरचे ऋण आहे, असे सूचित होते. ग्रीक भाषेत साक्षीदाराला जो शब्द होता त्यापासून इंग्रजीत हुतात्म्यासाठी शब्द तयार झाला. अरबीतही साक्ष आणि हौतात्म्य यांचे शब्द एकाच धातूचे असून आपल्या ओळखीचा 'शहीद' हा त्यांपैकीच होय.

लॅटिनमध्ये साक्षीदाराला 'टेस्टिस' म्हणत. वादी आणि प्रतिवादी या दोघांखेरीज जवळ उभा असलेला तिसरा, अशी त्याची व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञ देतात. मराठीतील 'तिऱ्हाईत' हा शब्द येथे आठवल्याशिवाय राहत नाही. तंट्यात जो तिसरा तो विश्वासार्ह, या एकाच अनुभवातून दोन्हीकडे शब्द घडले.

संस्कृतात साक्षी म्हणजे साक्षात पाहणारा, आणि पाणिनीने तो शब्द याच अर्थाने सिद्ध केला आहे. मराठीत त्या शब्दाभोवती जी क्रियापदे जमली ती पाहण्यासारखी आहेत. आपण साक्ष देतो, देवाला साक्ष ठेवतो, एखाद्याच्या बोलण्याची साक्ष काढतो, मनाची साक्ष पटते किंवा पटत नाही, आणि न्यायालयाच्या आवारात साक्ष फिरते. यांतील एकाही प्रयोगात वाहण्याची, ओझ्याची कल्पना नाही. मराठी साक्ष ही देवघेवीची आणि पटण्या-न पटण्याची गोष्ट आहे. ती दोन माणसांमध्ये घडते. एक सांगतो आणि दुसऱ्याला ते पटावे लागते.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत 'साक्ष' या शब्दाबरोबर, किंबहुना त्याच्या जोडीने, 'गोही' हा फारसीतून आलेला शब्द वावरतो. 'गोही-साक्ष' असा जोडशब्दही आढळतो. या क्षेत्रातील सर्वांत बोलका शब्द मात्र 'महजर' हा आहे. त्याचा अरबी धातू 'हजर', 'हजेरी', 'हुजूर' यांचाच. निवाड्याच्या वेळी जे हजर होते त्यांच्या समक्ष झालेला लेख तो महजर. त्याचे बळ कागदात नसून त्यावर ज्यांची नावे व निशाण्या आहेत त्या माणसांच्या उपस्थितीत होते.

गोतापुढची साक्ष

वतनाचा, शिवेचा किंवा भाऊबंदकीचा तंटा पडला म्हणजे तो गोतसभेपुढे येई. पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार, परगण्याचे देशमुख-देशपांडे अशी मंडळी तीत बसत. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथात या सभांची कार्यपद्धती मूळ कागदांच्या आधारे मांडली आहे. स्मृतिग्रंथांनी लेख, भोगवटा आणि साक्षी ही तीन प्रमाणे सांगितली होती व ती तिन्ही येथे विचारात घेतली जात. ती तिन्ही संपली म्हणजे दिव्याचा मार्ग उरे. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढणे, तापलेले लोखंड हातावर घेऊन चालणे, ही दिव्ये आज आपल्याला क्रूर वाटतात, आणि ती होतीच.

साक्ष देणाऱ्याला पूर्वजांची आठवण करून दिली जाई. खोटे बोललास तर बेचाळीस पूर्वज नरकात जातील, या धाकात तो बोले. त्याहून मोठा धाक गोताचा असे. साक्षीदार कोणाचा कोण, त्याची सोयरीक कोठे, त्याचे शेत कोणाच्या बांधाला लागून, हे सभेतील प्रत्येकाला माहीत असे. साक्ष संपली तरी त्याला त्याच गावात राहायचे असे. निवाड्याच्या कागदावर पाटील नांगराची निशाणी करी, इतर जण आपापल्या व्यवसायाचे चिन्ह काढीत. अक्षर न येणारा माणूस त्यामुळे साक्षीबाहेर पडत नसे. नांगराचे ते वेडेवाकडे चित्र म्हणजे त्याची सही आणि त्याची ओळख दोन्ही होती.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. गोतात ज्याचे वजन त्याच्या शब्दाला वजन, हा तिचा अंगभूत दोष होता. अस्पृश्य मानलेल्या जातींतील माणसाला शिवेच्या तंट्यात माहीतगार म्हणून विचारले जाई. शिवेवर चालण्याचे जोखमीचे कामही त्याच्यावर पडे. तरी निवाडा करणाऱ्यांत त्याला बरोबरीचे स्थान नव्हते. स्त्रियांची साक्ष क्वचित नोंदली जाई. त्रिं. ना. आत्रे यांचा १९१५ मधील 'गावगाडा' वाचला म्हणजे गावाच्या एकोप्याविषयीचे पुष्कळ भ्रम गळून पडतात. तथापि प्रस्तुत विषयापुरती एक गोष्ट नोंदवली पाहिजे. येथे साक्ष ही माणसापासून वेगळी काढता येत नव्हती.

इंदापूर : रयतेला विचारणे बंद झाले

१८१८ मध्ये पेशवाई संपली. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीची पद्धत आस्थेने वर्णिली आणि ती टिकवण्याची इच्छाही दाखवली. परंतु १८२७ च्या नियमांनंतर दिवाणी न्यायालयांचे प्रस्थ वाढत गेले आणि पंचायत मागे पडली.

साक्षीचा पहिला मोठा पेच मात्र न्यायालयात पडला नाही. तो जमीनमहसुलात पडला, आणि त्याचे ठिकाण इंदापूर हे होते. आर. के. प्रिंगल याने १८२७ ते १८३० या काळात पुणे जिल्ह्याची पाहणी करून निव्वळ उत्पन्नाच्या पंचावन्न टक्के सारा ठरवला. निव्वळ उत्पन्न काढायचे तर प्रत्येक जमिनीला पीक किती येते, बैल किती लागतात, बियाणे, मजुरी, खत यांवर किती खर्च होतो हे कळले पाहिजे. ते सांगणार कोण? रयत आणि गावकामगार. प्रिंगलची सगळी इमारत अशा तोंडी माहितीवर उभी होती. खालच्या नोकरांनी लाच घेऊन आकडे फिरवले, तर वसुलीच्या वेळी रयतेचा छळ झाला. शेते ओस पडली. इंदापुरातील कुळे जमिनी सोडून निजामाच्या मुलखात जाऊ लागली.

१८३५ मध्ये एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापूर तालुक्याची पाहणी नव्याने हाती घेतली. भारताच्या महसुली इतिहासात या तालुक्याचे नाव यामुळे कायमचे नोंदले गेले आहे. त्यांनी उत्पन्नाचा हिशेब विचारणे सोडून दिले आणि जमिनीची प्रतवारी केली. मातीचा पोत आणि रंग पाहायचा, खोली मोजायची, चुनखडी, वाळू, उतार, ओल असे दोष लिहायचे आणि त्यावरून जमिनीचा वर्ग आण्यांत ठरवायचा. ही भागआणेवारी १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यात सर्वत्र नेली. १८३६ पासून इंदापुरात तीस वर्षांसाठी सारा कायम झाला. दर हलके होते, पडीक जमीन लागवडीस आली, आणि या व्यवस्थेची उचित स्तुती झाली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने येथे काय घडले? प्रिंगलला रयतेची साक्ष खोटी निघाल्याचा फटका बसला होता. गोल्डस्मिड-विंगेट यांनी तो धोकाच काढून टाकला. माणसाला विचारण्याऐवजी त्यांनी खड्डा खणून मातीला विचारले. माती लाच घेत नाही, हे खरे. पण तीस वर्षांनी, १८६७ च्या सुमारास, फेरपाहणीची पहिली पाळी इंदापूरवरच आली आणि सारा पुष्कळ वाढला. कापसाच्या तेजीचे दिवस तेव्हा संपत आले होते आणि भाव उतरणीला लागले होते. शेतकऱ्याला काय परवडते हे सांगण्याची जागा त्या पद्धतीत उरलेली नव्हती.

खत, निशाणी आणि न्यायालय

वाढीव सारा रोख आणि ठरल्या हप्त्यांनी भरायचा, म्हणजे सावकाराकडे जाणे आले. कर्ज घेणे नवीन नव्हते. नवीन होते ते कर्जरोख्याचे कायदेशीर सामर्थ्य. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी नसलेल्या खताला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. झाले उलटे. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेण्याचा प्रघात पडला. नव्या खतात ती सगळी रक्कम 'रोख घेतली' म्हणून मुद्दल दाखवली जाई. व्याजावर व्याज चढत जाई आणि मागचे सर्व व्यवहार एका कागदाच्या पोटात गडप होत.

या खतांचे बाह्य रूप जुन्याच वळणाचे होते. खाली रयतेची नांगराची निशाणी असे, ती कोणाच्या हातची हे सांगणारा 'बिकलम' असा उल्लेख असे, आणि डाव्या बाजूला 'साक्ष' असे लिहून दोन-चार नावे असत. महजरावरचा तोच नांगर, तीच साक्ष. अर्थ मात्र पालटला होता. महजराच्या वेळी निशाणी करणारा माणूस सभेत बोललेला असे. खतावर निशाणी करणाऱ्याला त्यात काय लिहिले आहे ते वाचता येत नसे, आणि साक्षीदार पुष्कळदा सावकाराच्या ओट्यावर बसणाऱ्यांपैकी असत. रक्कम वाढवून लिहिली, फेडीची पावती दिली नाही, फेडलेले खत परत केले नाही, अशा तक्रारी पुढे चौकशी आयोगासमोर आल्या.

१८७२ च्या पुरावा कायद्याने हे चित्र पूर्ण केले. त्याच्या ९१ व ९२ या कलमांचा आशय असा की, व्यवहाराच्या अटी लेखात उतरल्या असतील तर त्या लेखानेच सिद्ध कराव्यात आणि त्यांत बदल करणारा तोंडी पुरावा घेऊ नये. फसवणूक, चूक, मोबदला न मिळणे यांसारखे अपवाद कायद्यात होते. ते सिद्ध करण्यासाठी न्यायालयात उभे राहावे लागे, वकील करावा लागे, उलटतपासणीला तोंड द्यावे लागे. दूरच्या गावातील कुणबी तेथे जातच नसे. दावे मोठ्या संख्येने एकतर्फी निकाली निघत. हुकूमनामा त्याला कळे तो जप्तीसाठी बेलिफ दारात आल्यावर. इंग्रजी वाक्प्रचाराच्या भाषेत बोलायचे तर साक्षीचा भार आता कागद वाहू लागला होता, आणि ज्याच्या आयुष्याविषयी तो कागद होता त्याला बोलण्याचे ठिकाण राहिले नव्हते.

लेखी पुराव्याचा आग्रह मुळात चुकीचा होता, असा याचा अर्थ नव्हे. स्मरण दगा देते आणि माणसे विकली जातात, हे इंदापुरात प्रिंगलच्या वेळी दिसलेच होते. दोष असा की, ज्या समाजात लिहिण्याची विद्या एका पक्षाकडेच होती तेथे लेखाला अंतिम प्रमाण मानले गेले.

१८७५ : साक्षीदाराला जाळणे

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी सावकारांवर बहिष्काराची चळवळ सुरू झाली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजारच्या दिवशी जमलेल्या लोकांनी गुजर सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. तेथून भीमथडीतील इतर गावांत, शिरूरमध्ये आणि अहमदनगर जिल्ह्यात दंगे पसरले. इंदापूर आणि पुरंदर तालुक्यांनाही त्यांची झळ लागली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ लोकांना अटक झाली आणि ५०१ जणांना शिक्षा झाली.

या दंग्यांचे वैशिष्ट्य समकालीन अधिकाऱ्यांच्याही ध्यानात आले होते. लोकांचा रोख खतांवर, हुकूमनाम्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. सावकाराने कागद काढून दिले तर बहुधा तेवढ्यावर भागे. दिले नाहीत तर मारहाणीची वा आगीची भीती असे. जीवितहानीच्या मानाने कागदांची हानी फार मोठी झाली. वाचता न येणाऱ्या लोकांनी नेमके कागदच का शोधले? न्यायालयात आपल्याविरुद्ध उभा राहणारा एकमेव साक्षीदार कोण, हे त्यांना अनुभवाने कळले होते, म्हणून. रणजित गुहा यांनी १७८३ ते १९०० या काळातील शेतकरी उठावांवरील आपल्या १९८३ मधील ग्रंथात लिखित कागदाच्या विध्वंसाकडे लक्ष वेधले आहे. सुपे हे त्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

त्याच वेळी एक वेगळी गोष्टही घडत होती. इंदापूर तालुक्यातील कळस येथील गावकऱ्यांचे एक संमतिपत्र आयोगाच्या कागदपत्रांतून आपल्यापर्यंत आले आहे. गुजरांची शेते कोणी कसू नयेत, त्यांची चाकरी करू नये, आणि जो हे मोडील त्याला न्हावी, परीट, सुतार यांच्या सेवा मिळू नयेत, असा त्याचा आशय आहे. कागद जाळणाऱ्या मुलखातच लोक कागद करीत होते. मात्र या कागदाचा घाट महजराचा आहे. सर्वांनी जमून, सर्वांच्या समक्ष, एकमेकांना बांधून घेण्यासाठी तो केला आहे. जुनी गोतसभा संपली असे आपण समजतो. तिची लेखनपद्धती १८७५ मध्ये इंदापुरात जिवंत होती, असे या एका पत्रावरून म्हणता येते. अर्थात गोताचा जाचही त्यात आहेच, कारण बहिष्कार मोडणाऱ्या गरिबाला काय सोसावे लागले असेल, ते त्या पत्रात नाही. शिवाय रोष मुख्यतः बाहेरून आलेल्या मारवाडी व गुजर सावकारांवर होता आणि स्थानिक ब्राह्मण सावकार बहुतांशी सुटले. केवळ कर्जाच्या ओझ्यावरून याचा उलगडा होत नाही.

आयोगाची साक्ष आणि इतिहासकार

सरकारने नेमलेल्या दख्खन दंगे आयोगाने गावोगावच्या रयतेच्या, सावकारांच्या आणि अधिकाऱ्यांच्या जबान्या घेतल्या. त्याचा अहवाल १८७८ मध्ये पार्लमेंटपुढे गेला. भीमथडीच्या शेतकऱ्याचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो तो बहुतेक या जबान्यांतूनच. तो मराठीत बोलला, कारकुनाने लिहून घेतले, त्याचे इंग्रजी झाले आणि लंडनमध्ये ते वाचले गेले. त्याची निशाणी वाटेत कोठेतरी गळाली. संशोधकाने या जबान्या वापरताना प्रश्न कोणता विचारला गेला होता, हे आधी पाहिले पाहिजे. आयोगाचे लक्ष सावकारीवर केंद्रित होते. साऱ्याविषयी रयत जे बोलली असेल त्यातले किती कागदावर आले, हा प्रश्न राहतोच.

रविंदर कुमार यांनी १९६८ मध्ये या दंग्यांना पश्चिम भारताच्या सामाजिक परिवर्तनात महत्त्वाचे स्थान दिले. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये त्यांच्या मोठेपणालाच आव्हान दिले. दंगे थोड्या गावांत, थोडा काळ झाले आणि त्यांचा बोभाटा जास्त झाला, असे त्यांचे म्हणणे. चार्ल्सवर्थ यांचा आक्षेप गावांची संख्या मोजण्यापुरता रास्त आहे. परंतु सुप्याला जे पेटले त्याचा परिणाम कायद्यावर झाला, आणि तो परिणाम गावांच्या संख्येने मोजता येत नाही.

१८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याने न्यायालयावर बंधन घातले की, शेतकऱ्याविरुद्धच्या दाव्यात खतावर न थांबता व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासावा. मुद्दल किती, व्याज किती, आधीच्या खतांतून काय ओढत आणले, हे विचारावे. कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. शेतकऱ्याने करून दिलेला लेख ग्रामनोंदणी अधिकाऱ्यासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा आणि तो संबंधितांना वाचून दाखवावा, असेही ठरले.

यातील शेवटची तरतूद विद्वानांच्या चर्चेत मागे पडते. वस्तुतः ती फार महत्त्वाची आहे. कागद मोठ्याने वाचला गेला पाहिजे, म्हणजे निशाणी करणाऱ्याच्या कानावर तो पडला पाहिजे, ही अट म्हणजे महजरातील 'हजर' या अंशाची अर्धीमुर्धी पुनःस्थापना होती. सावकारांनी पळवाटा काढल्या. कर्जाऐवजी विक्रीखते करून घेण्याचा मार्ग अनेकांनी धरला. म्हणून पुढे, खरेदीखत वस्तुतः गहाण होते हे दाखवण्यासाठी तोंडी पुरावा घेता यावा, अशीही दुरुस्ती या कायद्यात करावी लागली. पुरावा कायद्याच्या ९२ व्या कलमाने बंद केलेले दार असे किलकिले झाले.

केडगावची 'साक्ष'

याच जुन्या भीमथडी तालुक्यात, केडगाव येथे, या वाक्प्रचाराचा आणखी एक अर्थ मराठीत रुजला. पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे मुक्तिसदनाची वसाहत उभारली. १९०७ मध्ये त्यांनी आपल्या आध्यात्मिक प्रवासाचे जे छोटे इंग्रजी आत्मकथन प्रसिद्ध केले त्याच्या नावातच 'टेस्टिमनी' म्हणजे साक्ष हा शब्द आहे. ख्रिस्ती परंपरेत साक्ष म्हणजे स्वतःला आलेल्या अनुभवाचे मंडळीपुढे कथन. येथे तंटा नाही, वादी-प्रतिवादी नाहीत, तिऱ्हाईतही नाही. सांगणारी व्यक्ती स्वतःविषयीच सांगते आणि आपल्या बोलण्याची हमी आपणच देते. हीब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे रमाबाईंचे काम १९२२ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चालू होते. १९२४ मध्ये ते केडगावच्याच छापखान्यातून पूर्णपणे बाहेर आले. स्मृतिशास्त्राने ज्या विधवांची साक्ष नाममात्र धरली असती, त्या येथे आपले आयुष्य प्रथमपुरुषी एकवचनात सांगू लागल्या. पुढे मराठीत दलित आत्मकथनांच्या संदर्भात जो 'साक्ष' शब्द समीक्षेत वापरला जातो त्याचा अर्थ या अर्थाशी अधिक जवळचा आहे. न्यायालयातील साक्षीशी त्याचे नाते दूरचे आहे.

आजचा वापर

१८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अमलात आला आहे. कायद्याच्या नावात 'पुरावा' ऐवजी 'साक्ष्य' आले. लेखी अटींना तोंडी पुराव्याने छेद देऊ नये हे जुने तत्त्व त्यात कायम आहे.

इतिहासलेखनातील 'साक्ष देत उभे आहे' या वाक्याकडे आता पुन्हा वळता येईल. लोणी देवकरपासून महामार्गाने पुण्याकडे निघाले की पळसदेव लागते. उजनी धरण सुमारे १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भीमेच्या फुगवट्याखाली जुने पळसदेव गेले. इंदापूर, करमाळा, दौंड या तालुक्यांतील इतरही गावे गेली. उन्हाळ्यात पाणी फार खाली उतरले की पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडते. मग त्याची छायाचित्रे छापून येतात आणि ते इतिहासाची साक्ष देते असे लिहिले जाते. मंदिर काय सांगते? त्याचे शिखर कोणत्या शैलीचे आहे, दगड कोणता, कोरीव काम कोणत्या धाटणीचे, हे जाणकार त्यावरून वाचू शकतो. ते वाचन जाणकाराचे असते आणि चुकले तर चूकही त्याचीच. जुन्या गावात बाजार कोठे भरत असे, कोणाच्या मळ्याला पाट होता, स्थलांतराच्या वेळी मोबदल्याच्या कागदांवर कोणी काय समजून सह्या केल्या आणि अंगठे उठवले, हे दगडावर लिहिलेले नाही. गोल्डस्मिड-विंगेटच्या नोंदवह्यांतही ते सापडणार नाही, कारण त्यांत मातीची खोली आहे, माणसाचे म्हणणे नाही.

धरणाचे पाणी चढताना जे जाणत्या वयाचे होते ते आज साठीच्या पुढे आहेत. इंदापूर-बारामती परिसरात महाविद्यालये आहेत, इतिहासाचे पदवी-पदव्युत्तर विद्यार्थी आहेत. त्यांनी बुडीत गावांतील या मंडळींच्या जबान्या घ्याव्यात. त्या जुन्या महजराच्या शिस्तीने घ्याव्यात : सांगणाऱ्याचे नाव, वय, मूळ गाव, आत्ताचे गाव, कोणाच्या समक्ष सांगितले, आणि लिहिलेले त्याला वाचून दाखवल्याची तारीख. सांगणाऱ्याला जे मान्य नसेल ते त्याच्या शब्दांत दुरुस्त करावे आणि मगच सही घ्यावी.